सव्वीस घरांची मेल

रिचमंड हिल,
१४ ऑक्टोबर २०२५

प्रिय आयरीन,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू धसकली असशील, तर आधी सांगते: नंदन ठणठणीत आहे, मीही. परवा रविवारीच आपण फोनवर पाऊण तास बोललो आणि तरी आज मी कागद घेऊन बसले आहे. त्याचं कारण पुढे येईल.

थँक्सगिव्हिंगला ईशिता ओटावाहून आली होती. आल्या आल्या तिने आमचं बेसमेंट आवरायला काढलं. "आई, यू हॅव थ्री प्रिंटर्स अँड नन ऑफ देम प्रिंट," असं म्हणून तिन्ही उचलून गाडीत टाकले. मेलच्या सर्व्हरला मात्र मी हात लावू दिला नाही. नंदनने विंटर टायर्स लावून घेतले, ऑक्टोबरातच. शेजारचे हसतात, हा त्यांच्याकडे बघून हात हलवतो.

आता त्या सर्व्हरबद्दल. तू म्हणशील, मला त्यातलं काय कळतंय. कळेल. नॉर्थ यॉर्कच्या ऑफिसात सत्तावीस वर्षं मी मेलची यंत्रणा सांभाळली आणि ती भल्याभल्या साहेबांना समजावून सांगितली. मी या कामात चांगली आहे आणि हे मी लाजत लिहिणार नाही.

सप्टेंबरच्या शेवटी आमच्या इंटरनेट कंपनीची नोटीस आली. तुमच्या घरातून आमच्या डीएनएसला दिवसाला चाळीस हजार विचारणा येतात, त्या थांबवा, नाहीतर आम्ही थांबवू. डीएनएस म्हणजे इंटरनेटवरची चौकशीची खिडकी समज. कुठल्याही यंत्राला दुसऱ्याशी बोलायचं असलं की ते तिथे नाव सांगतं आणि पत्ता विचारून घेतं. घरात आम्ही दोघं, दोन फोन आणि एक टीव्ही. चाळीस हजार चौकश्या कोण करतंय? मला वाटलं, त्यांचीच काहीतरी चूक आहे. तरी मोजून बघितलं, तर एकोणचाळीस हजार आपल्या मेल सर्व्हरच्याच निघाल्या.

झालं होतं असं. काही वर्षांपूर्वी जंक मेल फार यायला लागली, तेव्हा मी सर्व्हरला शिकवलं, की मेल आली की ती पाठवणारा कोणी भामटा तर नाही ना, हे बाहेर आठ ठिकाणी विचारायचं. ती आठ ठिकाणं मीच एकेक करून जोडली. पण घरच्या माणसांची चौकशी करायची नाही, हे सांगायचं राहून गेलं. मी माझ्याच खोलीतून मेल टाकली तरी तो आठ ठिकाणी माझी चौकशी करायचा. तुमच्या ज्यू मंडळींच्या सव्वीस घरांची जी यादी मी या सर्व्हरवर चालवते, तिच्यावर एक मेल गेली, की तिच्या सव्वीस प्रती व्हायच्या आणि प्रत्येक प्रतीसाठी पुन्हा आठ चौकश्या. त्यातली तीन ठिकाणं तर केव्हाच बंद पडलेली. तिथून उत्तर यायचंच नाही आणि हा वाट बघत बसायचा. एरवी त्यात दहा-पंधरा मिनिटं जायची, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही.

दोन सकाळी लागल्या. घरच्यांची आणि यादीतल्या लोकांची चौकशी बंद केली. बंद पडलेली तीन ठिकाणं काढली. एकदा मिळालेलं उत्तर काही वेळ सर्व्हरनेच जवळ ठेवावं, म्हणजे तेच तेच परत विचारायला नको, अशी सोय केली. चाळीस हजारांवरून आकडा नऊशेवर आला. कंपनीला मी नम्र पण ताठ मानेचं उत्तर लिहिलं. आता मेल टाकली की चार सेकंदांत सगळ्या घरी पोचते.

या पत्राचा पहिला मसुदा मी इथेच संपवला होता. खाली सही करून पाकिटात घातला होता. नंदन चहा घेत होता, त्याने विचारलं, "हे आयरीनला कशाला कळवतेस?"

"तिला आवडेल."

"तिला डीएनएस आवडेल?"

मी पाकिटावर पत्ता लिहायला घेतला. तो म्हणाला, "जयंती, दोन आठवडे तू जेवायला बसलीस की ताटाकडे बघतेस. काय सापडलंय तुला?"

मग मी त्याला सांगितलं. आता तुला सांगते.

एखादी गोष्ट दुरुस्त केली की ती कधीपासून बिघडलेली होती, हे शोधायची मला ऑफिसपासूनची सवय आहे. सर्व्हर आपण काय केलं त्याची रोज नोंद लिहितो. त्या सगळ्या नोंदी मी पहिल्या दिवसापासून जपून ठेवल्या आहेत. 'उत्तर आलं नाही, नंतर बघू' ही ओळ कुठल्या दिवशी किती वेळा आहे, ते मी काढलं. एक दिवस असा निघाला, की बाकीचे सगळे त्याच्यापुढे काहीच नाहीत. १९ फेब्रुवारी २०२३. रविवार.

नथानिएल गेला तो रविवार.

तो दिवस तुला माझ्याकडून ऐकायची गरज नाही, पण माझा भाग मला लिहायलाच हवा. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये तू पर्समधून फोन नंबरांची ती निळी वही काढली होतीस. दफन दुसऱ्या दिवशी दुपारी एकला ठरलं होतं. तुमच्यात थांबत नाहीत, हे मला माहीत होतं. कद्दिशच्या प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, हेही नथानिएलनेच मला एकदा शिकवलं होतं. तू पहिला नंबर लावत होतीस. मी तुझ्या हातातला फोन घेतला आणि म्हटलं, "ठेव ती वही. तू आता कुणाशी बोलत बसू नकोस. मी घरी जाऊन यादीवर मेल टाकते, अर्ध्या तासात सव्वीस घरी कळेल." व्हॉट्सअ‍ॅपवर फालतू फॉरवर्ड फार येतात म्हणून महत्त्वाची बातमी मेलवरच द्यायची, असं तुमच्या मंडळींनी आधीच ठरवलेलं. तू वही पर्समध्ये ठेवलीस. माझ्यावर विश्वास ठेवून ठेवलीस.

मेल मी सकाळी दहा वाजून बारा मिनिटांनी टाकली. नोंद तशी आहे: 'स्वीकारली.' तिच्याखाली मग सव्वीस प्रती, प्रत्येकीच्या आठ चौकश्या. त्या दिवशी इंटरनेट कंपनीची खिडकीही मंद चालत होती. त्यामुळे एरवी निदान उशिरा येणारी उत्तरंही आली नाहीत. सर्व्हरने सगळ्या प्रती रांगेत मागे टाकल्या. थोड्या वेळाने परत प्रयत्न केला, मग त्याहून जास्त वेळाने, मग आणखी जास्त. यादीवरच्या घरी ती मेल पोचली सोमवारी संध्याकाळी पाच वीसला.

एक वाजता आपण दफनभूमीत उभे होतो. तुमचे पुरुष फक्त चार आले होते, तेही तुझ्या एलियानाने ऐन वेळी फोन करून बोलावलेले. पलीकडे दुसरं दफन चालू होतं, तिथल्या सहा अनोळखी माणसांना विनंती करून आणलं, तेव्हा दहा झाले. घरी परतताना गाडीत तू एकच वाक्य बोललीस, "माझ्या नवऱ्याला परक्यांनी पोचवलं."

बुधवारी, शिव्हाच्या सात दिवसांच्या सुतकात, युवल आला. मी तुझ्या स्वयंपाकघरात होते. भारतातून आला तेव्हा नथानिएलने ज्याला वर्षभर घरात ठेवून घेतलं, गाडी शिकवली, तो युवल. हातात जेवणाचा ट्रे होता. दारातच म्हणाला, "आंटी, मला काल मेल पाहिल्यावर कळलं. ती सोमवारी संध्याकाळी आली होती." तू वळून मला विचारलंस, "जयू, कधी पाठवलीस?" आणि मी म्हटलं, "रविवारी सकाळी."

तू त्याचा ट्रे घेतला नाहीस. दार लावलंस.

त्या संध्याकाळी मी घरी येऊन नोंद उघडली, पहिली ओळ वाचली, दहा बारा, स्वीकारली, आणि तुला फोन करून सांगितलं, "नोंद आहे माझ्याकडे." खालच्या ओळी वाचल्या नाहीत. आयरीन, खाली ओळी आहेत हे मला दिसत होतं. माझा सर्व्हर चुकणार नाही, असं मला वाटत होतं. मग कशाला वाचायच्या?

चार महिन्यांनी युवलने मला फोन केला होता. हे तुला मी कधी बोलले नाही. "जयंतीआंटी, मला भांडायचं नाहीये. वुड यू जस्ट चेक, प्लीज?" मी म्हटलं, "युवल, तू शाळेत जायच्या आधीपासून मी हे काम करतेय." तो म्हणाला, "ओके, आंटी." परत कधी फोन केला नाही.

आणि आता जे मी नंदनलाही सांगितलेलं नाही. तू एकेकाशी बोलणं टाकलंस, केंब्रिजला एलियानाजवळ कॉन्डो घेतलास, सणाला कुणाकडे जाईनाशी झालीस, तेव्हा मला वाईट वाटायचं. पण दर रविवारी तुझा फोन मलाच यायचा. "आता तूच एक राहिलीस," असं तू म्हणायचीस. ते मला ऐकायला आवडायचं. तुझं सगळं गाव तुटलं आणि त्यातलं उरलेलं माणूस मी आहे, याचा मला छुपा अभिमान होता. खालच्या ओळी न वाचण्यामागे तोही असेल.

फोनवर हे सांगितलं असतं तर तू मध्येच "जाऊ दे गं" म्हणाली असतीस आणि मी ते लगेच मान्य केलं असतं. म्हणून कागद.

सोबत त्या दोन दिवसांच्या नोंदी छापून पाठवते आहे. (ईशिताने नेलेले तिन्ही प्रिंटर बंदच होते, लायब्ररीत जाऊन छापल्या.) वेळा मी लाल पेनने अधोरेखित केल्या आहेत. सगळ्या घरांना मी माझ्या नावाने लिहिणार आहे, की मेल उशिरा पोचली, त्यात तुमचा दोष नव्हता, आयरीनचाही नव्हता. तू नको म्हणालीस तरी लिहीन. फक्त ते आधी तू वाचावंस, म्हणून थांबले आहे. रविवारी मी फोनची वाट बघणार नाही. करायचा की नाही, ते तू ठरव.

माफीची एक ओळ वर कुठेतरी टाकून मोकळं व्हायचं नव्हतं, म्हणून शेवटासाठी ठेवली. चुकलं ते माझं, सर्व्हरचं नव्हे.

जयंती


केंब्रिज,
१० नोव्हेंबर २०२५

जयू,

चार रविवार मी तुला फोन केला नाही. पहिले तीन रागाने. चौथ्याचं कारण पुढे लिहिते.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी त्या आठ ठिकाणांपर्यंत वाचलं आणि बाजूला ठेवून ग्रोसरीला गेले. म्हटलं, जयू नेहमीसारखी स्वतःची पाठ थोपटतेय, संध्याकाळी वाचू. संध्याकाळी वाचलं. मग उभी राहून परत वाचलं. तुझे ते लाल रेघांचे कागद टेबलावर पसरले आणि पाच वीसवर बोट ठेवून बसले. पाच वीसला मी घरी येऊन बूट काढत होते, जयू.

एलियाना प्लांटवरून आली, तेव्हा तिला वाचून दाखवलं. तिला मराठी वाचता येत नाही, ऐकलं की कळतं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मॉम, कॉल युवल. यू कॅन बी मॅड अ‍ॅट जयंतीआंटी लेटर."

मी दोन दिवस घेतले. मग लावला. तो म्हणाला, "हॅलो?" मी म्हटलं, "आयरीनआंटी." मागे एक लहान मूल कशासाठी तरी हट्ट करत होतं. मी विचारलं, "कोणाचं रे?"

"माझी मुलगी, आंटी. डिसेंबरमध्ये दोन वर्षांची होईल."

"नाव काय?"

"नताली." मग म्हणाला, "नथानिएलअंकलवरून."

मी फोन ठेवला नाही. तोच म्हणाला, "तुम्हाला कळवायचं होतं. पण मला वाटलं, तुम्ही परत दार लावाल."

तर ऐक. तू मला चुकीचं सांगितलंस आणि खालच्या ओळी वाचल्या नाहीस. ते तुझं. पण दार मी लावलं. त्याने खरं सांगितलं होतं आणि मी त्याचा ट्रेसुद्धा घेतला नाही. पुढे मंडळींपैकी कुणी फोन केला तरी मी उचलला नाही. शोक करताना मला कुणावर तरी रागवायचं होतं, आणि ती सोय तू करून दिलीस. हे मी तुला मोकळं करायला लिहीत नाही. माझं जे आहे ते माझ्याकडे राहू दे, म्हणून लिहिते.

सव्वीस घरांपैकी आता बावीस उरली आहेत. कुणी इस्राएलला गेलं, दोघं देवाघरी गेले, त्यांच्या मातीलाही मी गेले नाही. उरलेल्या बावीस घरांना मी स्वतः फोन केले. पाच दिवस लागले. काहींना वाटत होतं, मीच मुद्दाम उशिरा कळवलं, आमचा कसला तरी राग असेल. एकीला वाटलं, तिच्या नवऱ्याने मेल बघायला उशीर केला. ती तीन वर्षं त्याला त्यावरून बोलतेय. कारण मी कुणालाच सांगितलेलं नाही. ते तू तुझ्या नावाने लिही, म्हणाली आहेस तशी. त्या बिचाऱ्या नवऱ्यासाठी तरी लवकर लिही.

काल रविवार होता. फोन केला नाही, कारण आम्ही नथानिएलकडे गेलो होतो. वारा फार होता, जमीन कडक झालेली. एलियानाने पुरुष मोजले, मी मोजले नाहीत. चौदा होते. सगळे आपले, ज्यांनी त्याच्या हातचं खाल्लंय, ज्यांना त्याने विमानतळावरून आणलंय असे. युवलने कद्दिश म्हणायला सुरुवात केली. मध्येच त्याचा आवाज बसला, तेव्हा बाकीच्यांनी उचलून धरला आणि शेवटपर्यंत नेला. नताली त्याच्या पायाला मिठी मारून उभी होती. मी तिला उचलून घेतलं. तिने आधी माझा चष्मा काढला आणि मग राहिली माझ्याकडे.

तुला तिथे बोलावलं नाही. मुद्दाम. तिथे मला फक्त त्याचा विचार करायचा होता. तू असतीस, तर निम्मं लक्ष तुझ्यावर रागवण्यात गेलं असतं.

२३ तारखेला युवलच्या घरी, नॉर्थ यॉर्कला, मलिदा आहे. आमच्या प्रेषित एलियाहू हन्नबीचे आभार मानायचे आहेत, नतालीसाठी आणि बाकी सगळ्यासाठी. किलोभर पोहे भिजतील, त्याला चार नारळ खवायला लागतील आणि माझ्या मनगटाचं तुला माहीत आहे. सकाळी नऊला ये. नंदनलाही आण, फळं तो बारीक चिरतो. युवलने तुला फोन केला होता आणि तू बघायला नकार दिलास, हे मी त्याच्याकडे काढलेलं नाही. त्याच्याशी काय बोलायचं ते तू ठरव. मी मध्ये पडणार नाही आणि तुझी बाजूही घेणार नाही.

'तुला माफ केलं' असं मी वर एकदा लिहिलं होतं. मग तो कागद टाकून दुसरा घेतला, कारण ते अजून खरं नाही. ज्या दिवशी खरं होईल, त्या दिवशी मी ते लिहून कळवणार नाही. तू समोर असशील आणि तुला दिसेल. तोवर तुला यावं लागेल. एकदा नाही, परत परत.

अजून रागावलेली आणि तरीही तुझीच,
आयरीन